बरणीमागचं दुकान

बालदोस्तांनो, किराणा दुकानात शिरल्यावर तुमची नजर आधी कुठे जाते? खरं सांगा हं! आईनं पाठवलेलं असतं पाव किलो तूरडाळ आणि उदबत्तीचा पुडा आणायला. पण डाळीकडे कोण बघतो? नजर थेट गल्ल्याशेजारी जाते. तिथं बरण्या असतात. एकीत संत्रागोळ्या, दुसरीत लिमलेट, तिसरीत शेंगदाण्याची चिक्की. मग हळूच आवाज येतो, "काका, दोन गोया देजा न!"

मी पातूरला प्राथमिक शाळेत शिकवते. अकोल्याहून वाशीमकडे निघालात की वाटेत लागणारं हे तालुक्याचं गाव. माझ्या चौथीच्या वर्गाला मी एकदा आपल्या गल्लीतल्या दुकानाचं चित्र काढायला सांगितलं. पोट्ट्यांनी काय काढलं असेल? कित्येकांच्या चित्रात दुकानदार नव्हताच! बरण्या मात्र झाकणासकट होत्या, आणि आतल्या गोळ्या रंग बदलून बदलून रंगवलेल्या.

आज आपण या बरणीच्या मागे जाऊन पाहणार आहोत. दुकानातली बरणी, टेबल, खुर्ची, आरसा, पाटी या नुसत्या वस्तू नसतात बरं का. दुकान थाटणारा माणूस कुठून आला, त्याच्या खिशात किती पैसे होते, त्याला कशाची काळजी वाटत होती, हे सगळं त्या सांगतात. मात्र त्यांना विचारावं लागतं.

सुरुवात बरणीपासूनच करू. जुन्या दुकानात तुम्ही तिरक्या तोंडाची काचेची बरणी पाहिली असेल. तोंड वर नाही, एका बाजूला कललेलं आणि त्यावर पत्र्याचं झाकण. असं का केलं असेल? सांगा पाहू! दुकानदाराला बसल्या जागेवरून सहज आत हात घालता यावा म्हणून. शिवाय अशा बरण्या एकीवर एक रचल्या, तरी खालच्या बरणीचं झाकण उघडता येतं. छोट्या दुकानात जागा थोडी आणि गोळ्यांचे प्रकार फार, म्हणून ही युक्ती.

आणि काचच का? तर गोळी दिसावी म्हणून, हे उत्तर तुम्ही दिलंच असणार. ते बरोबर आहे, पण अर्धंच. कडक गोळी करताना साखर आणि ग्लुकोजचं पाणी उकळत उकळत सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं. १०० ग्रॅम गोळ्यांत जेमतेम २-३ ग्रॅम पाणी उरतं. गार झाल्यावर हा पाक इतका कडक आणि पारदर्शक होतो, की शास्त्रज्ञ त्याला एक प्रकारची काचच म्हणतात. म्हणजे काचेच्या बरणीत साखरेची काच!

पण ही साखरेची काच मोठी तहानलेली असते. हवेतलं पाणी ती ओढून घेते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते, की गोळी उघडी राहिली तरी बराच वेळ टणक राहते. आषाढ लागू द्या. एक गोळी कागद काढून खिडकीत ठेवा आणि दुसरी घट्ट झाकणाच्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी पहिलीला बोट लावून बघा. चिकट, ओली, आणि बहुधा मुंग्यांनी वेढलेली! काचेतून ओल आत जात नाही. कागदात किंवा पोत्यात ठेवलेल्या गोळ्यांचा पावसाळ्यात एकच लोळागोळा झाला असता. बरणी म्हणजे दुकानदाराचं भांडवल वाचवणारी पेटी होती. गोळ्या सुंदर दिसत, हा वरचा फायदा.

आता एक गंमत ऐका. गोळीला इंग्रजीत 'कँडी' म्हणतात. हा शब्द इंग्रजांचा असेल असं वाटतं ना? नाही! तो आपल्या 'खंड' शब्दावरून गेलाय. खंड म्हणजे साखरेचा खडा, आपली खडीसाखर. संस्कृतातला खंड फारसी आणि अरबीत 'कंद' झाला आणि पुढे युरोपात जाऊन 'कँडी' झाला. 'शर्करा' हा शब्दही असाच फिरस्ता. त्यापासून आपली साखर, इराणातली 'शकर', इंग्रजांची 'शुगर' आणि ग्रीक लोकांची 'साखारॉन'. ग्रीक शब्द तर आपल्या साखरेच्या किती जवळचा! सिकंदराबरोबर आलेला त्याच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस यानं इथे ऊस पाहिला. मधमाश्यांशिवाय मध देणारा बोरू, असं त्याचं वर्णन त्यानं केलं. ही गोष्ट इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली.

ग्रीक लोकांचं नाव उगीच काढलं नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो ग्रीक माणसं गरिबीला कंटाळून जहाजानं अमेरिकेला गेली. तिथली भाषा येत नाही, हातात पैसा नाही. त्यांतल्या पुष्कळांनी एक धंदा निवडला, गोळ्या-मिठाईचा. शिकागो शहरात तर हा धंदा मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातात आला. हाच धंदा का? विचार करा. साखर स्वस्त. घरातली सगळी माणसं हात लावू शकतात. आणि गिऱ्हाइकाशी फार बोलावं लागत नाही, ते बरणीकडे बोट दाखवतं! भाषा न येणाऱ्या दुकानदाराच्या वतीनं त्याची बरणीच बोलत होती.

त्या दुकानांत संगमरवरी फरशीची टेबलं असत. ती श्रीमंती मिरवायला नव्हेत. उकळता पाक ओतला, तर लाकूड खराब होईल. थंड, गुळगुळीत दगड मात्र पाकातली उष्णता झटकन ओढून घेतो. पुढे शिकागोतल्याच लिओ स्टेफानोस नावाच्या ग्रीक मिठाईवाल्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. आइस्क्रीमची गाडी आली, की त्याचा मुलगा रस्त्यावर धावत सुटायचा. बापाचा जीव थाऱ्यावर राहीना. मुलानं घरातच थांबावं म्हणून त्यानं १९५६ साली आइस्क्रीमची जाड कांडी केली आणि ती चॉकलेटात बुडवली. तीच 'डव्ह बार'. पुढे ती अमेरिकेत घरोघरी गेली.

हे झालं सातासमुद्रापलीकडचं. आपल्या महाराष्ट्रात असं कोणी आलं होतं का? आलं होतं की! मुंबईचं इराण्याचं हॉटेल तुम्ही ऐकलं असेल. मुंबईला मावशीकडे गेलेल्यांनी तिथं मस्कापाव खाल्लाही असेल.

पारशी आणि इराणी यांच्यात पुष्कळांची गल्लत होते. पारशी लोक शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले. आपण ज्यांना इराणी म्हणतो ते पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले. बहुतेक जण यझ्द आणि केरमान या वाळवंटाकाठच्या भागांतले. त्यांच्यात जरथुष्ट्राला मानणारे होते, तसेच मुसलमानही होते. १८७१-७२ मध्ये इराणात भीषण दुष्काळ पडला होता. जरथुष्ट्री लोकांवर तर जिझिया कर होता. जिझिया हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलाय ना? तोच. तो रद्द व्हावा म्हणून मुंबईहून माणेकजी लिमजी हतारिया नावाचे पारशी गृहस्थ १८५४ साली इराणात गेले आणि वर्षानुवर्षं खटपट करत राहिले. शेवटी १८८२ साली तो रद्द झाला.

ही माणसं मुंबईत आली तेव्हा बरीचशी पारशी घरांत कामाला लागली. संध्याकाळी सगळे एकत्र जमायचे, गावाकडच्या गप्पा मारायचे. सांगतात, की त्यांतल्या एकानं सर्वांसाठी चहा करायला सुरुवात केली आणि कपामागे थोडे पैसे घेतले. तिथून हॉटेलाची कल्पना निघाली म्हणे. गोष्ट छान आहे. गावाची आठवण आणि चहा या दोन गोष्टी एकत्र आल्या की धंदा उभा राहतोच.

आता चला, असं एखादं जुनं दुकान वाचू या. हो, वाचूच या! पुस्तकासारखं.

आधी जागा. इराण्याचं हॉटेल बहुधा चौकाच्या कोपऱ्यावर असतं. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती घेत नसत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असं कारण सांगतात. मला दुसरं कारणही पटतं. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांची तोंडं. दोन्हींकडून उजेड, दोन्हींकडून वारा, आणि दोन्हींकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला बरण्या दिसतात. जाहिरातीला पैसे नसतील, तर याहून चांगली जाहिरात कोणती?

मग पाटी. धोबीतलावाजवळ 'कयानी' आहे, १९०४ सालचं. कयानी हे इराणच्या दंतकथांमधल्या राजघराण्याचं नाव. त्याच भागातलं 'ससानियन' १९१३ चं. ससानी हे इराणचं इतिहासातलं मोठं राजघराणं. म्हणजे पाटीवर मागे सुटलेला देश लिहिलाय. पण आणखी दोन पाट्या पाहा. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ मध्ये सुरू झालेलं 'ब्रिटानिया', आणि धोबीतलावचं 'ब्रेबर्न'. ब्रेबर्न हे १९३३ ते ३७ या काळातले मुंबईचे इंग्रज गव्हर्नर. इथं ज्या राज्यात राहायचं, त्या राज्यकर्त्यांचं नाव पाटीवर आलं. कोणी मागे पाहिलं, कोणी समोर. मला यांत कोणीच चूक वाटत नाही.

आत शिरल्याबरोबर गल्ला. मालक तिथं बसणार. त्याच्या शेजारी आणि पुढे काचेच्या बरण्या आणि काचेची कपाटं. खारी, टोस्ट, नानकटाई, मावा केक आणि पोरांसाठी गोळ्या. काही ठिकाणी साबण, दाढीची पाती, दातांची पावडरसुद्धा. हॉटेलही आणि दुकानही! 'नानकटाई'मधला 'नान' फारसी, त्याचा अर्थ भाकरी-पोळी. आपला 'दुकान' हा शब्दही त्याच वाटेनं आलाय. बर्फीसुद्धा, कारण फारसीत 'बर्फ' म्हणजे हिम. तुम्ही दुकानात जाऊन बर्फी मागता, तेव्हा निम्मं फारसी बोलता.

भिंतींवर मोठमोठे आरसे. हे कशाला? लहान खोली मोठी वाटते, उजेड दुप्पट होतो, आणि तिसरं कारण खास आहे. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता मागच्या टेबलावर कोण काय करतंय ते दिसतं! कॉलेजातली मुलं मात्र त्याच आरशांत भांग पाडत बसायची. मग मालक वैतागून नियमांची पाटी लावायचा. गिऱ्हाइकानं काय काय करू नये याची लांबलचक यादी. 'बस्तानी' नावाच्या हॉटेलातल्या अशा पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक मजेदार कविता केली आणि ती खूप गाजली. इझिकेल हे बेने इस्रायल समाजातले. या ज्यू समाजाची घरची भाषा पिढ्यानपिढ्या मराठी! बघा, आणखी एक दूरहून आलेलं घराणं.

आणि खुर्ची. मला सगळ्यांत आवडते ती ही. काळपट लाकडाची, गोल बैठकीची, पाठ कमानीसारखी वाकवलेली. लाकूड असं वाकतं कसं? मिखाएल थोनेट नावाच्या सुतारानं ही युक्ती शोधली. बीच झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या. १८५९ साली त्यानं '१४ नंबरची' खुर्ची बाजारात आणली. तिचे लाकडी भाग फक्त ६, स्क्रू १० आणि नट २. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा एकाच खोक्यात मावत! तुमच्या वर्गात मीटरपट्टी असेल तर एवढं खोकं जमिनीवर आखून बघा. म्हणजे कळेल, की आज चेक देशात असलेल्या त्या गावांतल्या कारखान्यांत झालेली खुर्ची जहाजानं मुंबईला आणणं का परवडत होतं. खोकं उघडायचं, स्क्रू पिळायचे, की गिऱ्हाईक बसायला तयार. यझ्दचा मालक, युरोपातली खुर्ची, परदेशी संगमरवराचं टेबल, आणि त्यावर बशीत चहा ओतून पिणारा गिरणीतला आपला कोकणातला नाहीतर घाटावरचा माणूस!

या हॉटेलांनी एक मोठी गोष्ट केली, ती मुलांना सांगायलाच हवी. त्या काळी कोणी कोणाच्या हातचं खायचं आणि कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं, याचे फार कडक आणि अन्यायी नियम होते. इराण्याच्या टेबलावर कोणीही बसे. शेजारच्याची जात-धर्म विचारायची सोय नव्हती, आणि मालकाला तर ते ओळखूही येत नसे. तो परका होता, हे इथं किती उपयोगी पडलं!

विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत अशी सुमारे साडेतीनशे हॉटेलं होती, असं सांगतात. आता मोजायला गेलात, तर तीसच्या आत भरतील. 'बस्तानी' बंद झालं. 'ब्रेबर्न' २००८ मध्ये गेलं. कारणं साधीच आहेत. मुलं-नातवंडं शिकून डॉक्टर, इंजिनियर झाली, परदेशी गेली. एका दुकानात चार भागीदार, त्यांची पुढची पिढी, वाटण्या. आणि जो कोपरा एकेकाळी कोणाला नको होता, त्याला आता एवढा भाव, की चहा विकून तो निघणारच नाही. पहाटे चारला उठून भट्टी पेटवायला मुलानं नाही म्हटलं, तर त्याला आपण काय बोलणार?

ग्रँट रोड स्टेशनसमोरचं 'बी. मेरवान' १९१४ सालचं, मावा केकसाठी नावाजलेलं. शंभर वर्षं झाली त्याच साली, २०१४ मध्ये, ते बंद होणार अशी बातमी आली. झालं! लोकांच्या रांगा लागल्या. फोटो काय, आठवणी काय! पुढे दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं. बातमी वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही. दुकान चालू असताना आपण समोरून जातो, आणि ते बंद होणार कळलं की डोळ्यांत पाणी.

दुकान बंद झाल्यावर सामानाचं काय होतं? खुर्च्या जुन्या सामानवाल्याकडे, आरसा कोणाच्या बंगल्यात, बरण्या भंगारात, पाटी तिसरीकडे. वस्तू उरतात. पण आरसा गल्ल्यासमोरच का होता, हे आरशावर लिहिलेलं नसतं. ते मालकाला माहीत असतं, नाहीतर वीस वर्षं चहा देणाऱ्या पोऱ्याला.

याच्या उलट एक नवल. २०१० साली लंडनमध्ये 'डिशूम' नावाचं हॉटेल उघडलं. काय पाहिलं तिथं लोकांनी? वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, जुने आरसे, भिंतीवर तसबिरी, नियमांची पाटी! मुंबईतली इराणी हॉटेलं कमी होत असताना त्यांच्यासारखं दिसणारं हॉटेल लंडनमध्ये भरभरून चालू लागलं, आणि पुढे त्याच्या आणखी शाखा निघाल्या. ते छानच आहे. पण एक फरक लक्षात घ्या. मुंबईत आरसा लावला तो मागच्या टेबलावर नजर ठेवायला. लंडनमध्ये आरसा लावला तो मुंबईची आठवण यावी म्हणून. एक गरजेतून आलेलं, एक हौसेतून. तुम्हाला यांतलं कोणतं आवडेल? वर्गात यावर भांडा खुशाल, बाईंना मध्ये घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, मुंबई-लंडनचं कौतुक आम्हाला काय? आपल्याकडे कुठे आहेत इराणी? पण मुलांनो, आपल्या वऱ्हाडातली दुकानंही कुठून कुठून आलेल्या माणसांनीच उभी केलीत. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. भाव चढला आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचा! त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात आली, आणि कापसामागोमाग मारवाडातून, गुजरात-कच्छकडून व्यापारी घराणी येऊन स्थिरावली. नंतर १९४७ च्या फाळणीत सिंधमधली माणसं घरदार मागे टाकून आली. अकोल्यातला सिंधी कॅम्प तुम्हाला माहीत असेल. त्या दिवसांत पुष्कळ निर्वासित घरांनी सुरुवात केली ती गोळ्या-बिस्किटं विकूनच. घरातली लहान मुलंसुद्धा विकायची. ग्रीकांनी जे कारण शोधलं होतं तेच इथंही: भांडवल थोडं, आणि घरातला प्रत्येक हात कामाला.

बरणीतल्या गोळ्यांचीही वंशावळ असते. गुजरातेतून मुंबईला आलेल्या मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्यांचा कारखाना काढला. गावावरून नाव पडलं 'पार्ले'. बिस्किटं नंतर आली, आधी संत्र्याच्या स्वादाच्या गोळ्या. तो विलेपार्ल्याचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. दुसरं नाव 'रावळगाव'. हे खरंच एक गाव आहे, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी तिथं १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, आणि १९४० नंतर तिथंच गोळ्याही होऊ लागल्या. आईबाबांना 'पान पसंद' म्हणून बघा. चेहरा लगेच बदलेल! गोळ्यांचा हा व्यवसाय २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतला.

आता आपल्या गल्लीतल्या दुकानात काय बदललं ते बघा. काचेच्या जागी प्लास्टिकच्या बरण्या आल्या, कारण पडल्या तरी फुटत नाहीत. नंतर बरण्यांच्या वर पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. या माळांमुळे मागचा दुकानदारच दिसेनासा झालाय. प्रत्येक गोळी वेगळ्या कागदात बंद असल्यानं ओल लागायची भीती उरली नाही, म्हणजे बरणीचं मुख्य कामच संपलं. चाराण्याचं नाणं ३० जून २०११ पासून बंद झालं, तेव्हा चार आण्याची गोळीही गेली. मग काही वर्षं सुटे पैसे नसले की दुकानदार गोळी हातावर ठेवायचा. आता मोबाईलवरून तीन रुपयेही बरोबर पोचतात, त्यामुळे तीही फुकटची मजा कमी झाली. पालकांना हे बरं वाटेल. दात किडायचे वाचले!

पण एखाद्या जुन्या दुकानात अजून काचेची बरणी असते. कधी तिच्यात सुपारी असते, कधी खिळे, कधी नुसतीच रिकामी, वरच्या फळीवर धूळ खात. अशी दिसली, तर दुकानदार काकांना किंवा आजोबांना विचारा. ही बरणी कोणी आणली? आधी तिच्यात काय असायचं? तेव्हा गोळी केवढ्याला होती? दुकान कोणी काढलं, आणि ते कुठून आले? उत्तरं वहीत लिहा, आणि सांगणाऱ्यांची हरकत नसेल तरच वर्गात वाचा. फाळणीच्या गोष्टी सांगताना काहींचा गळा दाटून येतो. अशा वेळी वही मिटवायची आणि नुसतं ऐकायचं.

आईबाबांसाठीही एक सूचना. सुट्टीत मुंबईला जाणं झालं, अकोल्याहून रात्री गाडीत बसून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात, तर धोबीतलाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुलांना 'कयानी'च्या बाहेर आधी दोन मिनिटं उभं करा. पाटी, कोपरा, काच, आरसे, खुर्च्या, एवढं त्यांना स्वतः शोधू द्या. मग आत जा. गर्दीच्या वेळी मालकांना प्रश्न विचारू नका, आणि गल्लीतल्या दुकानात विचारायला गेलात तरी निदान रुपयाची एक गोळी घ्याच. नुसतंच विचारणारं गिऱ्हाईक कोणत्याच दुकानदाराला आवडत नाही.